फाटकवालीची तिसरी अट

ऑफिसात तिला फाटकवाली म्हणत. हे नाव शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने पाडलं होतं, आणि त्याचं घाईसाहेब हे नाव तिने पाडलं होतं, त्यामुळे दोघांची फिट्टंफाट होती. ऑफिस पाच माणसांचं. खाली चष्म्यांचं दुकान, वर एक लांबट खोली, खिडकीपाशी मालकांचं टेबल. दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहायचे, रुग्णांच्या नोंदी, पाळ्या, तपासण्यांचे आकडे असले. मालकही पूर्वी स्वतः लिहायचे, पण हल्ली त्यांचा सगळा दिवस फोनला कान लावून "बघतो, बघतो" म्हणण्यात जायचा.

तिचा हट्ट एकच होता. बाहेरून जे काही येतं ते काय आहे हे तपासल्याशिवाय त्याला आत घ्यायचं नाही. दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरून नोंद येते, ती रुग्णाची असेलही, पण अर्धवट असेल, वयाच्या जागी कोणी फोन नंबर ठोकलेला असेल, नुसती रिकामीही असेल. घाईसाहेबांची रीत अशी, की नोंद आली रे आली की तिच्या कपाळावर 'ही रुग्णाचीच' असा शिक्का मारायचा आणि पुढे पळायचं. कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम चालण्याआधी वाचून त्यातल्या चुका काढणारा, एरवी कमालीचा खडूस. एवढ्यातेवढ्यावरून अडवेल. पण असा शिक्का दिसला की तोही गप्प बसतो. मग प्रोग्राम चालू झाल्यावर भलत्याच ठिकाणी तोंडावर आपटतो, आणि घाईसाहेब म्हणतात, "सकाळपर्यंत तर नीट चालत होतं."

ती शिक्के मारत नसे, फाटकं बसवत असे. तिची फाटकं दोन जातींची. एक विचारणारं. नोंद समोर आली की ते चारदोन प्रश्न विचारतं आणि 'हो' किंवा 'नाही' म्हणतं. पण त्याच्या दारावर एक वचन लिहिलेलं असतं, 'मी हो म्हटलं, तर ही नोंद रुग्णाचीच समजा.' कंपायलर ते वचन वाचतो आणि तिथून पुढे त्या नोंदीला रुग्णासारखं वागवू देतो. दुसरं फाटक अडवणारं. ते हो-नाही करत बसत नाही. नोंद बरोबर असली तर मुकाट्याने सोडतं, नसली तर बोंब ठोकून सगळं काम तिथल्या तिथे थांबवतं.

"पण एक लक्षात ठेवा," ती घाईसाहेबांना सांगायची. "कंपायलर दारावरचं वचन वाचतो. आत तुम्ही पुरेसे प्रश्न विचारलेत का, हे बघायला तो जात नाही. एकही प्रश्न न विचारता नुसतं हो म्हणालात, तरी त्याला चालतं."

"म्हणजे माझा शिक्का आणि तुमचं फाटक, फरक काय?"

"मी बघून हो म्हणते."

"आणि मी न बघता. पण माझं दुपारी होतं, तुमचं संध्याकाळी."

घरी नवऱ्याला तिने हे सगळं समजावून सांगितलं होतं. नवरा शाळेची बस चालवायचा. स्वभाव मोकळा, आवाज मोठा, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला गाडी चालवता येत नाही यावर ठाम. शांतपणे ऐकून तो म्हणाला, "म्हणजे तुझा कंपायलर माझ्यासारखाच. अख्ख्या जगाशी भांडतो आणि बायको म्हणाली की मान डोलावतो."

"तू कधी डोलावलीस?"

"आईला विचार."

"मला मधे ओढू नका," सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या. "मी दोघांच्याही बाजूची नाही. मी भाजीच्या बाजूची आहे, ती करपतेय."

सासूबाईंनी उभी हयात एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काढली होती. शंभर पोरींच्या तोंडाची चव सांभाळलेली बाई. सून स्वयंपाकात यथातथाच, हे त्यांनी लग्नानंतर लवकरच ओळखलं आणि ओटा स्वतःकडे ठेवला. सुनेनेही तो मागितला नाही. लग्न झालं तेव्हा ती एका दुकानात बिलं टाईप करत होती. संध्याकाळच्या क्लासला जाऊन प्रोग्राम लिहायला शिकली ती नंतर, आणि त्या दिवसांत तिचं ताट झाकून ठेवायच्या त्या सासूबाईच. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. बाकी बऱ्याच गोष्टी बोलून दाखवल्या.

मग नवऱ्याची मूत्रपिंडं गेली. आधी पाय सुजले, बसच्या पायऱ्या चढताना दम लागू लागला, तरी तो म्हणायचा, पोरांनी पार दमवलंय. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मशीनवर बसण्यावाचून पर्याय उरला नव्हता. दिवसाआड सकाळी डायलिसिस केंद्रात पाळी असायची, तिथे जायचं, एका रुंद खुर्चीत रेलायचं, हाताला दोन नळ्या लावायच्या, आणि रक्त बाहेर पडून धुऊन परत आत येईपर्यंत पडून राहायचं. त्या केंद्रात तिच्याच ऑफिसचा प्रोग्राम चालायचा. मालकांनी तिला तिथे बसून काम करायची मुभा दिली. ती त्याच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढायची, मांडीवर लॅपटॉप घ्यायची. केंद्रात फोन नंबर मात्र सासूबाईंचा दिला होता, कारण तिचा फोन कायम मुका केलेला असायचा.

घरात त्याच्यासाठी मिठाचा खडा बंद झाला. सासूबाई भाजी फोडणीला टाकायच्या, मीठ घालायच्या आधी त्यातली थोडी एका छोट्या पातेल्यात काढायच्या. "हा तुझा राजाचा वाटा," म्हणायच्या. तो तोंड वाकडं करून खायचा. "राजाला देशोधडीला लावलंय तुम्ही."

त्या केंद्राने नवीन काम सांगितलं. पाळीच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक रुग्णाच्या घरी आठवणीचा मेसेज जायला हवा. काम तिच्याकडे आलं. मेसेज कोणाला जावा हे ठरवण्यासाठी एक विचारणारं फाटक हवं होतं, दारावर वचन, 'हो म्हटलं, तर हा चालू रुग्ण समजा.' आत तीन प्रश्न. पहिला, फोन नंबर आहे का. दुसरा, पुढची पाळी लावलेली आहे का. तिसरा, नोंदीत मृत्यूची तारीख भरलेली तर नाही ना.

पहिले दोन तिने खुर्चीशेजारी बसूनच लिहिले. सर्वांत खाली 'हो'ची ओळही लिहिली. तिसऱ्या प्रश्नाला तिचा हात अडला. त्या रकान्याचं नाव टाईप करायचं होतं, आणि नवरा एका हातावर पडून तिच्याकडेच बघत होता.

"काय लिहितेस एवढं?"

"उद्याचा मेसेज कोणाला पाठवायचा, ते."

"मला पाठव."

"तुला तर जाईलच."

तिसरी अट घरी जाऊन लिहू, असं तिने मनाशी ठरवलं. त्याच पाळीत तो गेला.

ती रजेवर होती तेव्हा केंद्राचे फोन येऊ लागले, मेसेजचं काय झालं. घाईसाहेबांनी तिचं साठवलेलं काम उघडलं, कंपायलरपुढे ठेवलं. कंपायलरची काही तक्रार नव्हती. फाटकवालीने बसवलेलं फाटक, त्यात आपण काय डोकवायचं, म्हणून त्यांनी ते जसंच्या तसं चालू करून दिलं. एरवी एकमेकांचं काम वाचल्याशिवाय तिथे काही बाहेर जात नसे. तिचं मात्र कोणी वाचलं नाही. कामावर परतल्यावर मेसेज चालू झालाय एवढं तिला कळलं, आणि ते फाटक उघडून बघायची तिला हिंमत झाली नाही. ते तिने त्याच्या शेजारी बसून लिहिलं होतं.

घरात आता दोघी. सून सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी यायची, सासूबाईंची गोळी आणि पाणी त्यांच्या हाती द्यायची, विचारायची, "गुडघा कसा आहे?" त्या म्हणायच्या, "आहे जागेवर." त्याच्याबद्दल कोणी बोलत नसे. त्याचं नाव घराबाहेर काढल्यासारखं झालं होतं.

एका संध्याकाळी ती जेवायला बसली आणि चुकून छोट्या पातेल्यातली भाजी ताटात वाढून घेतली. पहिल्याच घासाला कळलं, अळणी आहे. तिला वाटलं, सासूबाई मीठ विसरल्या. शंभर पोरींना वाढलेली बाई मीठ विसरायला लागली, म्हणजे वय झालं म्हणायचं. मग तिने ओट्यावरच्या मोठ्या पातेल्यातली भाजी चाखली. मीठ बरोबर होतं.

"आई, ही कोणाची?"

"माझी."

"तुम्हाला कोणी मीठ बंद केलंय?"

"कोणी नाही. पाळीच्या आदल्या संध्याकाळी काढते," सासूबाई म्हणाल्या, आणि मग पुढचं बोलायचं की नाही याचा त्यांनी थोडा विचार केला असावा. त्यांनी खुर्चीच्या पाठीवरच्या पिशवीतून फोन काढला आणि सुनेपुढे धरला.

मेसेज त्याच संध्याकाळचा होता. त्याचं पूर्ण नाव, मधे त्याच्या वडिलांचं, आणि पुढे, यांची उद्या सकाळची पाळी आहे, कृपया वेळेवर यावे. त्याच्यावर परवाचा, त्याच्यावर त्याच्याही आधीचा. तिने बोटाने वर सरकवलं. ते संपेनात.

केंद्रात पाळी आपोआप पुढच्या खेपेला सरकायची, कोणी हाताने बंद करेपर्यंत. पूर्वीची जुनी नर्स न चुकता ते करायची. ती सोडून गेली, नव्या नर्सने मृत्यूची तारीख भरली आणि एवढं पुरे असं मानलं. तिचं काही चुकलं नव्हतं. पुरायलाच हवं होतं.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू काय केलं असतंस?"

"बंद करायला लावलं असतं."

"म्हणूनच," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी फोन परत घेतला, पदराने त्याची काच पुसली. "अशी बघू नकोस माझ्याकडे. मला वेड लागलेलं नाही. माझा सोन्या नाही, हे मला कळतं. पण दिवसाआड कोणीतरी त्याला बोलावतं. वेळेवर या म्हणतं. या घरात तर त्याचं नाव घ्यायला बंदी आहे."

"बंदी कोणी घातलीय?"

"ते तू शोध. तूच शोधतेस ना ऑफिसात, कोणाचं काय चुकलं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने ते फाटक उघडलं. दोन प्रश्न, मधे एक कोरी ओळ, खाली 'हो'. कोरी ओळ तिनेच सोडलेली. आजवर दुसऱ्या कोणाचं असं काम तिच्यासमोर आलं असतं, तर तिने त्याची हजेरी घेतली असती. तिसरी अट टाकायला चहा निवायच्या आत झालं असतं. तिने ती टाकली नाही. आज नको, असं म्हणाली. उद्या मेसेजचा दिवस आहे, तो जाऊ दे. मग परवाही तेच म्हणाली.

आणि तिच्या लक्षात आलं, की आता संध्याकाळी घरी पोचल्यावर तीसुद्धा आधी सासूबाईंच्या पिशवीकडे बघते. आवाज झाला की दोघी थांबतात. सासूबाई वाचून दाखवत नाहीत, ती विचारत नाही. पण त्या संध्याकाळी गुडघ्याच्या पलीकडचं थोडं बोलणं होतं. एकदा सासूबाई आपणहून म्हणाल्या, "लहानपणी त्याला गाडीत बसवलं की ओकायचा. आणि चालवायला घेतली काय, तर बस." दोघी हसल्या. किती तरी काळाने.

हे तोडायचं कसं, हा प्रश्न तिला पडला, आणि त्याचं उत्तरही तिला येत होतं, हीच पंचाईत होती. एके दुपारी घाईसाहेब बाहेर गेलेले पाहून तिने तिसरी अट लिहिली. मृत्यूची तारीख भरलेली असेल, तर 'नाही'. आणि तिच्या वरती आणखी एक ओळ लिहिली. नोंदीचा क्रमांक अमुक असेल, तर काही न विचारता 'हो'. क्रमांक त्याचा. तिला तो पाठ होता. तिने कंपायलरला दिलं. त्याने हूं की चूं केलं नाही. दारावर वचन होतंच, चालू रुग्ण समजा. त्याने मानलं. गेलेल्या माणसाला तिने एका ओळीत जिवंत केलं होतं आणि एवढा खडूस प्राणी, त्याने भुवई उचलली नाही. ती स्क्रीनकडे बघत बसली. मग ते न पाठवता तसंच ठेवून घरी गेली.

फोन आला तो दोन दिवसांनी, दुपारी जेवणं चालू असताना. मालकांनी ऐकता ऐकता जेवण बाजूला सारलं, सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं आणि फोन टेबलावर ठेवला. पलीकडे एक पुरुष बोलत होता. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

"मला केंद्राने तुमचा नंबर दिला," तो म्हणाला. "माझी बायको गेल्या महिन्यात वारली. तुमचे मेसेज येतात. मी पुसून टाकायचो. काल फोन मुलीच्या हातात होता. तिला आता वाचता येतं. आज सकाळी उठलो तर ती आवरून, बूट घालून दारात बसलेली. म्हणाली, आईला आणायला जायचं ना, वेळेवर या लिहिलंय." तो थोडा थांबला. "मी तिला एकदा सांगितलं होतं, साहेब. मोठ्या कष्टाने सांगितलं होतं. आज परत सांगावं लागलं."

मालक म्हणाले, "आम्ही बघतो." मग म्हणाले, "नाही, बघतो नाही. आजच बंद करतो. माफ करा आम्हाला."

फोन बंद झाल्यावर कोणी डबा पुढे ओढला नाही.

"हे कोणी लिहिलंय?" मालकांनी विचारलं.

"चालू मी केलं होतं," घाईसाहेब लगेच म्हणाले. "न वाचता."

"लिहिलं मी," ती म्हणाली. "आणि मला आधीच कळलं होतं."

मालकांनी तिच्याकडे बघितलं. मग बाजूला सारलेला डबा झाकला. घाईसाहेब तिच्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "माझ्या नावावर टाका ना. माझ्याबद्दल ऐकून कोणाला आश्चर्य वाटणार नाही. तुमचं ऐकून लोकांचा देवावरचा विश्वास उडेल."

"बसा इथे," ती म्हणाली. "मी लिहिते, तुम्ही वाचा. प्रत्येक ओळ वाचा."

त्यांनी खुर्ची ओढली. फाटक उघडलं. नवऱ्याच्या क्रमांकाची ओळ वर तशीच होती. घाईसाहेबांनी ती वाचली, तो क्रमांक कोणाचा हे त्यांना कळायला वेळ लागला नाही, आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. तिने ती ओळ पुसली. खालची तिसरी अट ठेवली.

"एवढ्याने होईल," ते म्हणाले.

"नाही. उद्या दुसरं कोणी या फाटकाला वळसा घालून मेसेज पाठवेल. मेसेज निघतो तिथेच अडवणारं बसवते. तारीख भरलेली नोंद तिथवर आली, तर काम थांबलं पाहिजे. आवाज झाला पाहिजे."

अडवणाऱ्या फाटकाला, अडवताना काय बोलायचं, ते लिहून द्यावं लागतं. नाहीतर ते नुसतंच कोसळतं आणि पुढच्याला कळत नाही कशाने. शब्द आपणच घालायचे. तिची बोटं तिथे थांबली.

"मी लिहू का?" घाईसाहेबांनी विचारलं.

"नको."

तिने लिहिलं, 'हा रुग्ण हयात नाही. मेसेज पाठवता येणार नाही.' लिहून झालं. मशीनला सांगायला काही लागत नाही, तिला वाटलं. मशीन विचारत नाही, कधी, कसं, तू कुठे होतीस.

त्या दिवशी ती लवकर घरी आली. उन्हं अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. सासूबाई टेबलाशी बसून शेंगा सोलत होत्या. दुसऱ्या दिवशी पाळी होती, म्हणजे असायची. ती समोर बसली, थोड्या शेंगा आपल्यापुढे ओढल्या.

"आई, मेसेज आता येणार नाही."

"संध्याकाळी येतो. अजून वेळ आहे."

"नाही येणार. मी बंद केला."

सासूबाई सोलत राहिल्या. "तुझ्या हातात होतं ते?"

"हो. चूक माझीच होती. माझ्याच हातून राहिलं होतं."

"मग माझ्यापुरती राहू दे ना चूक. कोणाचं काय जातं?"

तिने त्या बूट घालून बसलेल्या मुलीचं सांगितलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या तोंडून एक लहानसा आवाज निघाला, लेकरू पडताना बघितल्यावर निघतो तसा. मग त्या म्हणाल्या, "त्यांचा बंद कर. केलाच पाहिजे. आमचा एक ठेव. असं होत नाही का?"

होत नाही, असं सांगता आलं असतं. सासूबाईंना काय कळणार होतं.

"होतं," ती म्हणाली. "मी करून बघितलं होतं. आज पुसलं."

"का?"

"मी रोज मशीनला सांगायचं, तो आहे म्हणून. आणि ते माझं ऐकणार, आई. काही न विचारता ऐकणार. मला ते सहन झालं नाही."

"मशीनला खरं सांगितलंस," सासूबाई म्हणाल्या. "मला कधी सांगितलंस?"

तिला आधी कळलंच नाही.

"शेजारणीने सांगितलं मला. तू तिला फोन केलास. ती दारात उभी राहून, आतही न येता, बोलली आणि निघून गेली. तू आलीस तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, आणि तू माझ्या हातात पाण्याचा पेला दिलास. तेव्हापासून देतेच आहेस. पाणी, गोळ्या, चहा. माझा मुलगा गेला, हे तू अजून मला सांगितलेलं नाहीस. तू शेजारी होतीस त्याच्या. दुसरं कोणी नव्हतं. मी कोणाला विचारू?"

शेंगांचा ढीग दोघींच्या मधे होता. सून त्याच्याकडे बघून बोलली, कारण दुसरीकडे बघून बोलता आलं नसतं.

"तो गेला, आई," ती म्हणाली.

"कसा?"

"डोळे मिटून पडला होता. मी लिहीत होते. नर्स आली, तिने विचारलं, झोप लागली का यांना. मी म्हटलं, हो, आत्ताच लागलीय. ती पुढच्या खुर्चीकडे गेली."

"मग?"

"मी बघितलं नव्हतं. मान वर केली नव्हती. लिहिता लिहिताच हो म्हटलं." तिने सोललेली शेंग परत सोलायला घेतली. "नर्स परत फिरून आली तेव्हा तिने त्याला हात लावला. मग सगळे धावले."

सासूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं होतं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हृदय एकदम बंद पडलं म्हणाले. तेव्हाच लक्षात आलं असतं तरी काही करता आलं नसतं, असं म्हणाले."

"तुला पटलं ते?"

"नाही."

"मलाही नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता, नुसतं खरं होतं, आणि रागापेक्षा ते जास्त लागलं. त्यांनी टेबलाचा आधार घेतला, गुडघा सरळ व्हायची वाट बघितली आणि आपल्या खोलीत गेल्या. दार लोटलं. फोनची पिशवी खुर्चीला तशीच लटकत राहिली.

मेसेजची वेळ आली आणि गेली. पिशवीतून आवाज आला नाही. तिने शेंगा आवरल्या, भात लावला, ओटा पुसला. आतून काही ऐकू येत नव्हतं, रडणं नाही, खोकला नाही. ती दाराशी गेली.

"आई, झोपलात का?"

उत्तर आलं नाही. हो म्हणून परत फिरता आलं असतं, म्हाताऱ्या माणसाला झोपू द्यावं. तिने दार ढकललं, आत गेली आणि पलंगाशी वाकून बघितलं.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. डोळे उघडे होते, उशी भिजलेली होती.

"जागी आहे," त्या म्हणाल्या. "जा तू."

ती गेली नाही. पलंगाच्या कडेला जागा फारशी नव्हती, सासूबाईंनी सरकून ती करूनही दिली नाही. ती होती तेवढ्या जागेत बसली, आणि भात लागल्याचा वास येईपर्यंत तशीच बसून राहिली.